शेतीसंरक्षणाची बंदूक : निवड, दुरुस्ती आणि मर्यादा

(रेडी पंचक्रोशीतील पंचायत सदस्य, शिक्षक आणि शेतकरी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेला लागून असलेले रेडी हे गाव आपले बंदर, यशवंतगड, द्विभुज गणपतीचे मंदिर आणि लोहखनिजाच्या खाणी यांमुळे सर्वत्र परिचित आहे. परंतु येथील सामान्य कुटुंबाचा संसार आजही बऱ्याच अंशी भात, नारळ, काजू आणि आंबा यांवर उभा आहे. या पिकांची राखण हा कोकणातील शेतकऱ्यापुढचा फार जुना प्रश्न होय. आश्विनात भात पिकू लागले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत कुणग्याचा चिखल करून टाकतो. माघ-फाल्गुनात काजूचे बोंड रंगू लागले की माकडांच्या टोळ्या बागेत उतरतात. शहाळी पाडणे, आंब्याचा मोहोर झाडणे, वायंगणी भाताची लोंबी ओरबाडणे हे तर नित्याचेच झाले आहे. मुलेमाणसे मुंबईला गेल्यामुळे राखणीला माणूस मिळत नाही आणि पडीक जमिनीत माजलेल्या रानाने जनावरांना घरालगत आडोसा मिळतो.

अशा परिस्थितीत बंदुकीचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात शेतीसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगण्याची परंपरा जुनी आहे. अनेक घरांत आजोबांच्या काळातील ठासणीची बंदूक अद्याप माळ्यावर किंवा कपाटात आहे. कोणती बंदूक घ्यावी, लहान बोअरची हलकी बंदूक पुरेल काय, जुन्या बंदुकीत काही सुधारणा करून घेता येईल काय, असे प्रश्न शेतकरी विचारतात. पंचायत सदस्य, ग्रामसेवक, तलाठी आणि शिक्षक यांच्याकडेच प्रथम ही विचारणा होत असल्याने या विषयाची नेमकी माहिती त्यांना असणे अगत्याचे आहे.

परवाना नेमका कशाचा?

शस्त्र अधिनियम, १९५९ हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. या कायद्याने इंग्रजी राजवटीतील १८७८ च्या कायद्याची जागा घेतली. त्याच्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याचा स्वतंत्र विचार केलेला आहे. पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद तेथे आहे. ठासणीची बंदूक त्या कामाला पुरेशी नाही अशी परवाना प्राधिकाऱ्याची खात्री पटल्यास नितळ नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवानाही देता येतो. नितळ नळीची बंदूक म्हणजे जिच्या नळीत आतून पेच काढलेले नसतात अशी, छऱ्यांची बंदूक. रायफल ही निराळी वस्तू असून पीकसंरक्षणाच्या या तरतुदीत तिचा समावेश नाही.

लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने कलम १४ मधील एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. परवाना नाकारल्यास त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि मागणी केल्यास, सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर, ती अर्जदाराला थोडक्यात कळवावी लागतात. कलम १८ अन्वये अपिलाचा मार्गही खुला आहे. दहा गुंठ्यांच्या नारळबागेचा मालक आणि दहा एकरांचा बागाईतदार हे कायद्यापुढे सारखेच अर्जदार आहेत, हे पंचायत सदस्यांनी शेतकऱ्याला सांगितले पाहिजे.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची झाली. एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी बंदूक सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचाही अंतर्भाव केला आहे. हे प्रशिक्षण केवळ कागदाची पूर्तता समजू नये. ज्याने नवी मोटरसायकल घेण्यापूर्वी ती चालविण्यास शिकणे आवश्यक मानले, त्याने बंदुकीच्या बाबतीत अधिकच दक्ष असावयास हवे.

बोअर म्हणजे काय?

'बारा बोअर' हा शब्द गावोगाव वापरला जातो, पण त्याचा अर्थ थोड्यांनाच ठाऊक असतो. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांपैकी एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान होणार, म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. आकडा वाढला की नळी लहान होते, हे लक्षात ठेवावे. बारा बोअरच्या नळीचा आतील व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, सोळा बोअरचा १६.८ आणि वीस बोअरचा १५.६ मिलिमीटर असतो.

'चारशे दहा' या नावाने ओळखली जाणारी सर्वांत लहान नळीची बंदूक मात्र या हिशेबात बसत नाही. तिचे नाव व्यासावरून, इंचाच्या ४१० सहस्रांशांवरून पडले आहे. म्हणजे तिचा व्यास केवळ १०.४ मिलिमीटर भरतो. बोअरच्या हिशेबाने मोजल्यास ती जवळजवळ सदुसष्ट बोअरची ठरेल. भारतातील पोलीस आणि पहारेकरी यांच्या हाती पुष्कळ वर्षे याच मापाची मस्केट होती. लष्करी रायफलीच्या धर्तीवरील ही शस्त्रे नितळ नळीची करून पहाऱ्यासाठी दिली जात. हा बदल सरकारी शस्त्र कारखान्यात, नळीची चाचणी घेऊन केला जात असे. गावातील लेथवर होण्याजोगे ते काम नव्हते.

लहान बोअरचे गुण आणि तिचा मोठा दोष

लहान बोअरची बंदूक हलकी असते. तिचा धक्का सौम्य असतो आणि आवाजही त्या मानाने कमी असतो. वयस्कर शेतकरी आणि एकट्याने वाडी सांभाळणारी स्त्री यांना ती सोयीची वाटते. हे सर्व खरे असले तरी कामाच्या दृष्टीने पाहता चित्र पालटते.

बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात सुमारे ३० ग्रॅम छरे असतात. वीस बोअरमध्ये सुमारे २५ ग्रॅम, तर चारशे दहाच्या आखूड काडतुसात जेमतेम १४ ग्रॅम. छरे कमी म्हणजे लक्ष्यावर पडणारा मारा विरळ. चारशे दहाचा उपयोगी पल्ला त्यामुळे वीस-पंचवीस मीटरच्या आतच संपतो. शेतातील उपद्रवी प्राण्यांमध्ये रानडुक्कर हा प्रमुख. आणि त्याचे कातडे जाड, खांदा दणकट, अंगावर चिखलाचा थर. अशा जनावरावर लहान बोअरचा बार टाकणे म्हणजे त्याला मारणे नव्हे, तर जायबंदी करणे होय. जखमी डुक्कर करवंदीच्या जाळीत शिरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गवत कापावयास गेलेल्या बाईवर किंवा शाळेच्या वाटेवरील मुलावर धावून येते. प्राण्याला निष्कारण यातना आणि माणसाला नवा धोका, असे दुहेरी नुकसान त्यातून होते.

केवळ आवाजाने जनावरे पिटाळावयाची असतील, तर त्यासाठी बंदूकच हवी असे नाही; त्याचा विचार पुढे येईलच. आणि कायद्याने परवानगी मिळालेले रानडुक्कर मारावयाचे असेल, तर लहान बोअर अपुरी पडते. म्हणजे शेतकऱ्याच्या या दोन गरजांपैकी एकीसाठी ती अनावश्यक, तर दुसरीसाठी अपुरी ठरते. बोअर लहान असली म्हणून परवाना सोपा होत नाही की जबाबदारी कमी होत नाही. शिवाय भारतात तयार होणारी आणि अधिकृत विक्रेत्याकडे सहज मिळणारी काडतुसे प्रामुख्याने बारा बोअरची आहेत. पुण्याजवळ खडकी येथील दारूगोळा कारखाना बारा बोअरच्या काडतुसांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून शासकीय शस्त्र कारखान्यांची सात कंपन्यांत पुनर्रचना झाल्यावर तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आला. ज्या बंदुकीचे काडतूस मिळत नाही, ती घरात असून नसल्यासारखी असते, आणि मग जे मिळेल ते काडतूस घालून पाहण्याचा मोह होतो.

म्हणून सर्वसाधारण शेतकऱ्याने, नवीन बंदूक घ्यावयाचीच असेल तर, अधिकृत विक्रेत्याकडून, चाचणीची खूण असलेली, मोडून उघडणारी बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी बंदूक पसंत करावी. धक्का सोसवत नसेल तर नळी बदलण्यापेक्षा हलक्या भाराचे काडतूस निवडावे. मोडून उघडणाऱ्या बंदुकीचा मोठा गुण असा की ती उघडली की भरलेली आहे की रिकामी हे चार माणसांना एका दृष्टिक्षेपात दिसते. वई किंवा गडगा ओलांडताना बंदूक उघडून, काडतूस काढून मगच पलीकडे जाता येते.

जुनी बंदूक आणि चुकीचे काडतूस

वडिलोपार्जित बंदुकीबाबत अधिक काळजी घ्यावी लागते. पुष्कळ जुन्या बारा बोअर बंदुकांची काडतुसाची खोली ६५ मिलिमीटरची आहे. काडतुसावर छापलेली लांबी ही ते उडाल्यानंतर, तोंड उलगडल्यावरची असते. म्हणून ७० मिलिमीटरचे काडतूस जुन्या बंदुकीत व्यवस्थित बसलेले दिसते. परंतु बार उडताना त्याचे तोंड पूर्ण उलगडावयास जागा मिळत नाही आणि नळीतील दाब वाढतो. काही जुन्या नळ्या काळ्या दारूच्या काळातील आहेत. त्यांत आजची धूरविरहित दारू वापरणे धोक्याचे आहे. परवानाधारक कारागिराने खोलीचे माप घेऊन नळी तपासल्याशिवाय जुन्या बंदुकीत नवे काडतूस घालू नये.

दुसरा धोका दोन बोअरची काडतुसे एका खिशात ठेवण्याचा. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या खोलीतून पुढे घसरते आणि नळीच्या अरुंद भागात अडकून बसते. बंदूक रिकामी आहे असे समजून मागून बारा बोअरचे काडतूस घातले आणि चाप ओढला, तर नळी हातातच फुटते. याच कारणासाठी वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची प्रथा जगभर रूढ झाली. एका घरात एकाच बोअरची बंदूक असावी, हा नियम लहान बोअरची जादा बंदूक घेण्यापूर्वी आठवावा.

ठासणीच्या बंदुकीत बार भरला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. आदल्या रात्री भरलेला बार विसरून दुसऱ्या रात्री पुन्हा भरला जातो. नळीच्या तोंडाशी माती किंवा कुंभारमाशीचे घर अडकून बसले तरीही नळी फुटते. प्रत्येक वेळी गज घालून नळीची खोली पाहणे आणि रात्र संपताच भरलेली बंदूक घरात न आणणे, हे दोन नियम पाळलेच पाहिजेत.

बदल कोठे करावा, कोठे करू नये

बंदुकीत करावयाच्या बदलांबाबत एकच सूत्र ध्यानात धरावे : लाकूड माणसाला जुळवून घ्यावे, लोखंडाला हात लावू नये.

बंदुकीचा दस्ता वापरणाऱ्याच्या हाताच्या मापाचा नसेल तर नेम चुकतो आणि खांदा दुखतो. रिकाम्या, तपासलेल्या बंदुकीचा दस्ता कोपराच्या वळणात टेकवला असता तर्जनीचे टोक चापापर्यंत सहज पोहोचले, तर माप साधारण बरोबर समजावे. बोट पोहोचत नसेल तर परवानाधारक कारागिराकडून दस्ता आखूड करून घ्यावा. फार पुढे जात असेल तर मागे लाकडाचा तुकडा जोडावा. धक्का सोसण्यासाठी दस्त्याच्या टोकाला रबराची गादी, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून खांद्याचा पट्टा, अंधूक प्रकाशात दिसावी म्हणून नळीच्या टोकावरील माशी पांढरी करून घेणे, एवढ्या सुधारणा शेतकऱ्याला पुरेशा आहेत. सैल झालेला सांधा, आपोआप निसटणारा घोडा किंवा फार हलका झालेला चाप ही दुरुस्तीची कामे आहेत आणि तीही शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराचीच. कलम ५ अन्वये बंदूक दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. गावातील कुशल लोहार किंवा फिटर कितीही हुशार असला तरी हे काम त्याला सांगणे म्हणजे त्यालाही गुन्ह्यात ओढणे होय.

नळी आखूड करणे, ठासणीच्या बंदुकीचे काडतुसाच्या बंदुकीत रूपांतर करणे, खेळण्यातील बंदूक खरी करणे, एका प्रकारचे शस्त्र दुसऱ्या प्रकारात बदलणे या गोष्टींना कलम ६ अन्वये प्रतिबंध आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हा प्रतिबंध आणि त्यासाठीची शिक्षा दोन्ही अधिक कडक झाली आहेत. बंदुकीवरील क्रमांक किंवा कारखान्याची खूण घासणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. गंज घासताना क्रमांक पुसट झाला, हे उत्तर पुढे उपयोगी पडत नाही.

या निर्बंधामागे तांत्रिक कारणही आहे. चाचणीगृहात बंदुकीची परीक्षा होते, तेव्हा नेहमीपेक्षा अधिक दाबाचा बार उडवून ती नळी तो दाब सोसते की नाही हे पाहिले जाते. नळी कापली, आतून घासली किंवा खोली वाढवली की त्या परीक्षेचा दाखला निरर्थक ठरतो. मग ती बंदूक कोणाच्या हाती कधी फुटेल याचा भरवसा उरत नाही.

खाऱ्या हवेतील निगा

रेडीसारख्या समुद्रकाठच्या गावात बंदुकीचा पहिला शत्रू गंज. पावसाळ्यातील चार महिन्यांत दुर्लक्षित नळीला आतून खड्डे पडतात. बार काढल्यानंतर त्याच दिवशी गजाला कापड लावून नळी पुसावी आणि बंदुकीच्या तेलाचा पातळ हात द्यावा. काळी दारू वापरणाऱ्या ठासणीच्या बंदुकीला तर याची अधिकच गरज असते. कारण त्या दारूची राख हवेतील ओल शोषून घेते. घरात सहज मिळते म्हणून खोबरेल तेल वापरू नये; ते कालांतराने चिकट होऊन घोड्याचे काम मंदावते. कापडी किंवा चामडी म्यानात बंदूक दीर्घकाळ ठेवू नये, ओल आत कोंडते. फुगलेले, हिरवट पितळेचे किंवा सादळलेले काडतूस उडवून पाहण्याऐवजी पोलीस ठाण्याच्या सल्ल्याने जमा करावे. बंदूक आणि काडतुसे निरनिराळ्या कुलपांत ठेवावीत आणि किल्ली मुलांच्या नजरेआड असावी. शिक्षकांनी वर्गात ही एक गोष्ट सांगितली तरी एखादे घर मोठ्या दुःखातून वाचेल.

छरा किती दूर जातो?

कोकणातील घरे विरळ, पण वाड्या झाडीत लपलेल्या. काजूच्या बागेपलीकडे घर आहे, पाणंद आहे, ओहोळावर कपडे धुणाऱ्या बायका आहेत, हे रात्री दिसत नाही. बारीक छरा दोनशे-अडीचशे मीटरपर्यंत जाऊन पडू शकतो. एस. जी. सारखा मोठा छरा सहाशे मीटरहूनही पुढे जातो आणि अखंड गोळी तर त्याहून दूर. मारक पल्ला चाळीस मीटरचा असला तरी इजा करण्याचा पल्ला असा कित्येक पटींनी मोठा असतो.

म्हणून आवाजाच्या दिशेने, हलणाऱ्या झुडपाकडे किंवा चमकणाऱ्या डोळ्यांकडे पाहून चाप ओढणे हा अक्षम्य अविचार आहे. डुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या घटना राज्यात वेळोवेळी घडल्या आहेत. जनावर पूर्ण ओळखले पाहिजे आणि त्याच्या मागे काय आहे हेही दिसले पाहिजे; दोहोंपैकी एकही नसेल तर बार काढू नये. मद्य घेतलेल्याने त्या रात्री राखणीला जाऊ नये. शेजारच्या बागेत कोण जागे आहे, हे संध्याकाळीच विचारून ठेवावे. आंब्याच्या हंगामात बागेत रखवालदार ठेवण्याची पद्धत आहे. मालकाची बंदूक त्यांच्या हाती देता येत नाही. परवान्यात राखणदार म्हणून ज्याचे नाव रीतसर नोंदले आहे, त्यालाच ती हाताळता येते.

परवाना बंदुकीचा, शिकारीचा नव्हे

सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. शस्त्र परवान्यामुळे बंदूक बाळगता येते. कोणताही वन्य प्राणी मारण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. त्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ पाहावा लागतो. या कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, अनुसूचींची फेररचना केली. गवा, हत्ती, बिबट्या आणि मोर यांना पहिल्या अनुसूचीचे सर्वोच्च संरक्षण आहे. काजू-नारळाची नासधूस करणारे आपल्याकडील लाल तोंडाचे माकडही याच अनुसूचीत आहे. तेव्हा माकडावर छरे झाडणे हा गंभीर गुन्हा ठरतो, बोअर कितीही लहान असो. पूर्वी कावळे, वटवाघळे आणि उंदीर यांना उपद्रवी ठरविणारी स्वतंत्र अनुसूची होती. तीही या दुरुस्तीने गेली.

रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका निर्माण झाल्यास कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी सकारण लेखी आदेशाने ते मारण्याची परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर आणि रोही यांच्या बाबतीत अशा परवानगीची कार्यपद्धती राज्य शासनाने ठरवून दिलेली आहे. मारलेल्या प्राण्याची विल्हेवाट आदेशातील अटींप्रमाणेच लागली पाहिजे. त्याचे मांस गावात वाटून घेण्याची मुभा कोणी गृहीत धरू नये. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने प्राणी मारावा लागला तर तो गुन्हा होत नाही, मात्र तो प्राणी शासनाच्या मालकीचा होतो.

इतर राज्यांचा अनुभवही उद्बोधक आहे. केंद्र शासनाने २०१५-१६ मध्ये बिहार, उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेश येथील ठरावीक भागांत ठरावीक प्राणी मर्यादित काळासाठी उपद्रवी म्हणून घोषित केले. केरळने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. तेथे पंचायतींच्या अध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार देऊन, परवानाधारक बंदूकधारकांकडून पिकांची नासाडी करणारी रानडुकरे मारण्याचा आदेश देण्याची सोय करण्यात आली. महाराष्ट्रात पंचायतीला असा अधिकार नाही, हे स्पष्ट असावे. परंतु निर्णय एकेकट्या शेतकऱ्याने अंधारात न घेता जबाबदार व्यक्तीने लेखी घ्यावा, हे त्यामागील तत्त्व येथेही मोलाचे आहे.

सीमा, निवडणूक आणि वारसा

रेडीच्या बाबतीत आणखी एक विशेष आहे. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावरील तेरेखोल हा गोव्याचा भाग रेडीला लागून आहे. रानडुकराला राज्याची सीमा ठाऊक नसते, पण बंदूकधारकाला ती ठाऊक असलीच पाहिजे. परवाना ज्या क्षेत्रापुरता आहे ते त्यावर लिहिलेले असते. जखमी जनावराचा माग काढत बंदुकीसह सीमा ओलांडणे म्हणजे परवान्याचा भंग होय. अशा वेळी मागे फिरून वनखात्याला कळविणे हाच मार्ग.

निवडणुकीच्या काळात बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचा प्रश्न दरवेळी उपस्थित होतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला सुरू झाली, तो काजू-आंब्याचा हंगाम होता. त्याच वर्षी विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली, ते भातकापणीचे दिवस होते. कोणाची बंदूक जमा करून घ्यावी, हे ठरविण्यासाठी जिल्हा पातळीवर छाननी समिती असते. शेतकऱ्याने आपली अडचण आणि पिकाची स्थिती त्या समितीपुढे वेळेत लेखी मांडावी. आदेश झाल्यास मात्र तो पाळावा आणि जमा केल्याची पावती जपून ठेवावी.

वारशाचा प्रश्न तर घरोघरी आहे. परवानाधारक वारला की त्याची बंदूक आपोआप मुलाची होत नाही. कलम २१ अन्वये ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाने परवाना मिळविल्यावरच ती परत घेता येते. वडिलांच्या मागे मुंबईला राहणारा मुलगा घराला कुलूप लावून जातो आणि माळ्यावर बंदूक राहते, हा प्रकार धोक्याचा आहे. मृत्यूची नोंद करताना ग्रामसेवकाने घरात परवान्याची बंदूक आहे काय, एवढे विचारले तरी पुष्कळ काम होईल.

बंदुकीच्या आधीची राखण

बंदूक हा राखणीचा शेवटचा उपाय आहे. त्याआधीचे उपाय मात्र अनेकांनी मिळून केले तरच लागू पडतात. एकाच्या बागेतून हाकललेला कळप दुसऱ्याच्या बागेत जातो. पडीक जमिनीतील रान मिळून साफ करणे, पाळीपाळीने माळ्यावर राखण, चांगली वई, वाडीपुरते सौर कुंपण हे उपाय त्यामुळे पंचायतीने एकत्रितपणे हाती घ्यावेत. सौर कुंपणातील वीज क्षणिक झटक्याची असते. त्याच्या नावाखाली घरातील वीज तारेत सोडणे हा जीवघेणा गुन्हा आहे. तारेच्या फासात डुकराऐवजी बिबट्या अडकतो, आणि गावठी बॉम्ब गुराढोरांचा जबडा उडवतो. आवाजासाठी नळीत कार्बाइड घालून वाजविण्याचे साधन अलीकडे फैलावले आहे. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा साधनांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, हे विसरता कामा नये.

नुकसान झाल्यास विलंब न लावता वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा, छायाचित्रे जपावीत. भरपाई पुरेशी नसते, ही तक्रार रास्त असू शकेल. पण नोंदच झाली नाही तर नुकसान झाले हे सिद्ध करावयास पुरावा राहत नाही. रानडुक्कर मारण्याची परवानगी मागतानाही हीच नोंद उपयोगी पडते. वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काजूच्या उत्तम जाती देऊन या किनाऱ्याचे उत्पन्न वाढविले. ते उत्पन्न शेतकऱ्याच्या घरापर्यंत सुखरूप पोहोचविण्याची जबाबदारी गावाने उचलावयाची आहे.

प्रत्येक ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा, भात पोटरीला येण्यापूर्वी, पोलीस आणि वनखाते यांच्या अधिकाऱ्यांना बोलावून परवानाधारकांची सभा घ्यावी. परवान्यांची मुदत, बंदुकांची स्थिती, वारसांची प्रकरणे आणि राखणीच्या पाळ्या यांचा त्या दिवशी आढावा व्हावा. ज्याला बंदुकीची खरी गरज आहे त्याला अर्ज भरण्यास साहाय्य करावे, आणि ज्याचे काम वईने भागणार आहे त्याला तसे स्पष्ट सांगावे. परीक्षित, नळीला हात न लावलेली, धन्याच्या खांद्याला जुळणारी आणि बहुतेक रात्री कुलपातच राहणारी बंदूक, हीच शेतीसंरक्षणाची चांगली बंदूक होय.